खिदमतीची ड्यूटी

मागच्या महिन्यात मुरुडच्या बाजारात एका तरुण शिक्षकाने आम्हाला गाठले. "सर, हज इन्स्पेक्टरचा फॉर्म भरावा म्हणतो. फुकटात हज होऊन जाते ना?" हातात भाजीची पिशवी, वर ऊन. उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून इथे लिहीत आहोत.

आम्ही 2024 साली गेलो होतो. तेव्हा या कामाला 'खादिमुल हुज्जाज' म्हणत. 2025 पासून 'राज्य हज निरीक्षक' म्हणतात. सरकारी नोकरीतले लोक यासाठी निवडले जातात. आमच्या वर्षी दोनशे हाजींमागे एक खादिम होता, पुढच्या वर्षी दीडशेमागे एक झाला. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी बजावले गेले : तुम्ही हाजी म्हणून नाही, हाजींसाठी चाललात, आणि घरचे कुणी सोबत येणार नाही. अम्मीने मात्र मनात धरले होते की पोरासोबत आपलेही होईल. तिला नाही म्हणताना आमची मान वर झाली नाही.

मक्केत आपल्याकडच्या हाजींचा मोठा मुक्काम अजीजिया भागात असतो. उंच इमारती, प्रत्येकीला नंबर, हरम शरीफला जायला बस. आमच्या खोलीत आम्ही चौघे : एक पोलीस, एक तलाठी, एक दवाखान्यातले कर्मचारी आणि आम्ही मास्तर. पहिली रात्र एसीच्या घरघरीत गेली. फजरनंतर घरी फोन लावला तर तिकडे घड्याळ अडीच तास पुढे, चहा झालेला, अंगण झाडून झालेले. आपल्यावाचून घर चालू आहे हे ऐकून बरेही वाटले आणि वाईटही.

अरबी येते असा आमचा समज होता. पण ती किताबातली. बसवाल्याला 'ऐना' म्हणून कुठे ते विचारले तर तो हसला. तिथे बोलताना 'फेन' म्हणतात, पाण्याला 'मोया'. वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून पाठ करू लागलो. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा पहिलीत बसलो म्हणा ना.

तिसऱ्या दिवशी हाजी आले. आम्ही सर्वांना हॉलमध्ये बसवून छान तास घेतला. बस कोणती, इमारतीचा नंबर कोणता, कुठे उतरायचे, सगळे कागदावर छापून वाटले. त्याच रात्री इशानंतर नांदेडकडचे एक चाचा परतले नाहीत. चाची जिन्यात बसून राहिल्या. रस्ते आम्हालाही नवेच. तलाठीसाहेब एका बाजूने, आम्ही दुसऱ्या बाजूने निघालो. रात्री दोनच्या सुमारास एका किराणा दुकानाच्या पायरीवर चाचा सापडले. बांगलादेशी दुकानदाराने पाणी, बिस्किटे दिली होती. मनगटात कव्हर नंबरचे स्टीलचे कडे होते, पण त्यावर इमारत कुठली लिहिलेली? आमचा कागद मात्र खिशात नीट घडी घालून ठेवलेला. आम्ही जरा चिडूनच म्हणालो, "चाचा, कागज दिखाना था ना!" चाचा म्हणाले, "बेटा, मेरे कू पढना नै आता. उसमें क्या लिखा, मेरे कू क्या मालूम?"

इतकी वर्षे वर्गात उभे राहतो आणि वाचता कुणाला येते एवढे विचारायचे सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून फजरनंतर जिन्याखाली वर्ग भरला. इमारतीचा नंबर बायाबापड्यांनी बोटाने हवेत गिरवायचा. थांब्यासमोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी प्रत्येकाला नेऊन दाखवली. आपल्या मराठवाड्यातले आणखी कुणी नातेवाईक हैदराबादच्या रुबातीत उतरलेले. निजामाच्या राज्यात होतो म्हणून आपल्याकडच्या हाजींनाही तिथे चिठ्ठीत नंबर लागला तर जागा मिळते. त्यांना भेटायला निघालेल्यांना पोचवून आणणे हेही कामच. शिवाय स्वयंपाकघरातील शेगडीची पाळी! त्या भांडणांवर वेगळा लेख होईल.

हजचे दिवस जवळ आले तशा हरमच्या बस बंद झाल्या आणि उन्हाने कहर केला. 15 जूनला अरफात. दोनच दिवसांनी हरमपाशी पारा 51.8 अंशांवर गेला. अरफातच्या दुपारी आम्ही ओआरएसची पाकिटे, छत्र्या आणि ओले रुमाल घेऊन तंबूतंबूतून फिरत होतो. घरून निघताना दुआंची यादी लिहून आणली होती, अम्मीची सर्वांत वर. मगरिब जवळ आली तेव्हा ती वाचायला घेतली. अम्मीचे नाव घेतले तेवढ्यात कुणाला तरी चक्कर आली. यादी पुन्हा खिशात गेली.

त्या हजमध्ये अनेक भारतीय अल्लाहला प्यारे झाले. आमच्या इमारतीतही एक पलंग रिकामा झाला. त्या खालांच्या मुलाला फोन आम्हीच लावला. तो रडला नाही, एवढेच म्हणाला, "सर, आखिर में पास कौन था?" पोलीसभाऊ होते, शेजारच्या बाई होत्या, ते सांगितले.

तर त्या तरुण मित्राने फॉर्म जरूर भरावा. सोबत चपलांचे दोन जोड घ्यावेत, एक हमखास तुटतो. आणि आईला आधीच सांगावे की तिला नेता येत नाही. आम्ही ते फार उशिरा सांगितले.