डिस्चार्जनंतरचे तीन महिने

आषाढ सरत आला की व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांना पुढचा महिना कसा जाणार याचा अंदाज असतो. गटारीला दारूच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि दुसऱ्याच दिवशी, श्रावण लागताच, वर्षभर रोज पिणारी कितीतरी माणसे बाटली बाजूला ठेवतात. त्यासाठी ना डॉक्टर लागतो ना गोळी. काही जण तिला गणपतीचे विसर्जन होईपर्यंतही हात लावत नाहीत. मग एखाद्या संध्याकाळी पुन्हा सुरू होते आणि बायकोला उत्तर मिळते, "महिनाभर सोडून दाखवली ना? मनात आणलं की सोडतो मी."

त्याच्या या दाव्यात तथ्य आहे, म्हणूनच तो खोडून काढणे अवघड जाते. त्याने खरोखरच सोडलेली असते. दारू थांबवणे आणि थांबलेली टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला माहीत नसते. दुर्दैवाने आपल्या बऱ्याच केंद्रांची रचनाही हे माहीत नसल्यासारखीच आहे.

याच दिवसांपुरती एक सूचना आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी अचानक थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, थरथर आणि ताप घेऊन डिलिरियम येऊ शकतो आणि उपचार न मिळाल्यास तो जिवावर बेततो. गावातल्या डॉक्टरांनी या काळात कोणत्याही "घाबरल्यासारख्या" रुग्णाला शेवटची कधी घेतली हे विचारलेच पाहिजे. जेवण तुटलेल्या अशा रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यायचे, हा नियम जुनाच आहे, पण तो आजही मोडला जातो.

आता मूळ मुद्दा. १९७१ साली हंट, बार्नेट आणि ब्रँच या तीन अमेरिकी अभ्यासकांनी दारू, हेरॉईन आणि सिगारेट सोडलेल्यांच्या अनेक पाहण्या एकत्र केल्या आणि उपचारानंतर किती जण किती दिवसांनी परत वळले याचे आलेख काढले. पदार्थ तीन, पण आलेख जवळजवळ एकच निघाला. जे परतले त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच परतले होते. त्यानंतर रेषा सपाट होत जाते. हे निष्कर्ष हाती येऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली. आपल्याकडे मात्र मनुष्यबळ, औषधे, गटसत्रे, योग, वॉर्डातली शिस्त हे सगळे दाखल असतानाच्या काळावर खर्च होते आणि डिस्चार्ज कार्डावर शेवटी "फॉलो-अपला यावे" एवढी एक ओळ उरते. धोका सर्वांत जास्त असतो तेव्हा रुग्ण नेमका आपल्या नजरेआड असतो.

वातावरणाचा वाटा किती मोठा असतो याचा सर्वांत ठळक पुरावा व्हिएतनाम युद्धाने दिला. तिथल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉईनचा प्रसार इतका झाला होता की १९७१ मध्ये मायदेशी परतण्यापूर्वी लघवीची तपासणी सक्तीची झाली. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. साधारण पाचातला एक जण तिथे व्यसनाधीन झाला होता. पण परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्केच. अनेकांचा या आकड्यांवर विश्वास बसेना. पण एवढे कमी जण परत अडकण्याचे कारण साधे होते. ज्या छावणीत, ज्या मित्रांत, ज्या भीतीच्या आणि कंटाळ्याच्या रात्रींत हेरॉईन सुरू झाले, ते सारे समुद्रापार राहिले होते.

आपल्या रुग्णाचे नेमके उलटे होते. तो केंद्रात सोडतो आणि जिथे पीत होता तिथेच परत जातो. तोच नाका, तीच पगाराची तारीख, तेच उधारीचे खाते, शिफ्ट सुटल्यावर हाक मारणारे तेच चौघे. डोपामिनच्या वाटांनी शिकलेला धडा वॉर्डाच्या चार भिंतींत झोपलेला असतो, नाक्यावर तो जागा होतो. मेंदूची झीज भरून यायला लागणारा वेळही आपल्या दाखल काळात मावणारा नाही. नोरा व्होल्को यांच्या गटाने २००१ मध्ये मेथॅम्फेटामिन सोडलेल्या मोजक्या रुग्णांचे मेंदू पुन्हा तपासले, तेव्हा डोपामिनच्या वाहक प्रथिनांत ठळक सुधारणा दिसली ती वर्षभराहून अधिक काळ दूर राहिल्यानंतर. रुग्ण थोडे होते, त्यामुळे त्यावरून फार ताणू नये. तरीही महिनाभरात "बरा करून" पाठवण्याची भाषा वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात माळ घालून दारू सोडलेली माणसे गावोगाव आहेत आणि त्यांतल्या अनेकांची वर्षानुवर्षे सुटलेलीच राहते. श्रावणातला निश्चय भाद्रपदात का सुटतो आणि माळकऱ्याचा का टिकतो? माळ एकट्याच्या निश्चयावर उभी नसते. तिच्यामागे एकादशी असते, आठवड्याचे भजन असते, वर्षाची वारी असते, आणि "माळकरी आहे, त्याला देऊ नका" असे म्हणणारे गाव असते. माणसाला नवी संगत मिळते आणि रिकामी संध्याकाळ भरून निघते. समुपदेशकाने रुग्णाची श्रद्धा काय आहे हे विचारण्यात संकोच करू नये. श्रद्धा नसेल तर क्रिकेटचा संघ, ढोल पथक, वाचनालय चालेल. संध्याकाळी सहा ते नऊ तो कुठे आणि कुणाबरोबर असणार, हे मात्र डिस्चार्जपूर्वी ठरलेले हवे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवातही संगतीतूनच झाली. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा नुकताच दारू सोडलेला शेअर दलाल डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या शल्यविशारदाला भेटला. या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. ही भेट झाल्यानंतर डॉ. बॉब वैद्यकीय अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पुन्हा भरपूर प्याले. परतल्यावर त्यांना कुणी हाकलले नाही. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस आणि तोच या चळवळीचा स्थापना दिवस मानला जातो. ज्या चळवळीने जगभर लाखोंना सावरले, तिच्या पहिल्याच महिन्यात एका संस्थापकाची स्लिप झालेली आहे.

हे ठासून सांगण्याचे कारण म्हणजे परत आलेल्या रुग्णाशी आपल्याकडे होणारे वागणे. "एवढा खर्च केला घरच्यांनी, काय उपयोग?" हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून समजू शकते, पण ते कर्मचाऱ्यांच्या तोंडूनही ऐकू येते. अ‍ॅलन मार्लट यांनी १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात एकदा घसरणे आणि पूर्ण परतणे यांत फरक केला. पहिल्या पेल्यानंतर "मी संपलो, आता काय राहिलं" ही जी शरम दाटते, तीच पुढचे दहा पेले पाजते, असे त्यांनी दाखवून दिले. आपण त्या शरमेत भर घातली की रुग्ण केंद्राचा रस्ता टाळतो आणि सहा महिन्यांनी कावीळ घेऊन रुग्णालयात येतो. मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या तुलनेत व्यसनाच्या रुग्णांत वर्षभरात परतण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के होते, तर रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याचे ५० ते ७० टक्के. रक्तदाब वाढून आलेल्याला कुणी "तुझ्यावरचा खर्च वाया गेला" म्हणत नाही. त्याच्या गोळ्या तपासतात, मिठाचे विचारतात, पुढची तारीख देतात. स्लिप झालेल्या रुग्णालाही तेच हवे. कधी घडले, कुणाबरोबर, त्याआधीचे दोन दिवस कसे गेले, औषध चालू होते का, हे शांतपणे विचारायचे.

अफू-हेरॉईनच्या रुग्णात तर पाठपुराव्यातली ढिलाई जीव घेते. काही आठवडे दूर राहिल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेने सुरुवात करतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांच्या २००७ मधल्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट आढळला. म्हणून नुसते डिटॉक्स करून घरी पाठवणे हा या रुग्णांसाठी सुरक्षित उपचार नाही. त्यांच्या उपचारातली ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथॅडोन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावता" हा आक्षेप आपल्याच क्षेत्रातले लोक घेतात, तेव्हा रुग्ण औषध मध्येच सोडतो. हा आक्षेप चुकीचा आहे आणि तो स्पष्टपणे खोडला पाहिजे.

"त्यांना न कळता दारू सोडवा" अशा जाहिरातींतल्या पुड्यांबद्दलही स्पष्टच बोलले पाहिजे. त्यांत काय असते हे घरच्यांना सांगितले जात नाही. डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर प्याला, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने, यकृताची तपासणी करून आणि जबाबदार नातेवाइकाच्या देखरेखीखालीच द्यायचे आहे. चहात मिसळून दिलेल्या पुडीने विश्वासही जातो, आणि विश्वास गेलेल्या घरात मुक्ती टिकत नाही.

पाठपुराव्याला माणसे कुठून आणायची, ही केंद्रांची अडचण खरी आहे. पण उत्तरेही जवळच आहेत. वांद्र्यात १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू करणारे फादर ज्यो परेरा स्वतः दारूतून बाहेर आलेले होते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण उभे केले. तिथे बरे झालेल्या रुग्णांनीच पुढे कार्यकर्ते म्हणून काम सांभाळले. गोव्यात तर 'संगथ' संस्थेने मोजून दाखवले. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवरचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ती प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती आणि बैठका फार तर चार होत्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. बारा महिन्यांनी हेच आकडे ५४ आणि ३२ होते. हे पुरुष पूर्ण व्यसनाधीन झालेले नव्हते, ही मर्यादा ध्यानात ठेवूनही एवढे नक्की म्हणता येते की नीट शिकवलेला कार्यकर्ता तज्ज्ञाच्या बऱ्याच वेळेची बचत करतो.

गरज किती मोठी आहे हे केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आहे. दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी भारतीय. आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलातरी उपचार मिळालेला. त्या एकाला आपण डिस्चार्जच्या दारात सोडून देतो.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने सर्व केंद्रांना, दवाखान्यांना आणि गट चालवणाऱ्यांना विनंती आहे. प्रत्येक डिस्चार्जनंतर पहिल्या तीन दिवसांत एक फोन, पहिला महिना दर आठवड्याला, नंतरचे दोन महिने पंधरवड्याने; आणि त्याची एक साधी वही. रुग्णाने उचलला नाही तर बायकोला, आईला, भावाला. श्रावणात दाखल होणाऱ्या रुग्णांपासून ही वही सुरू करता येईल, म्हणजे तिचे पहिले तीन महिने गणपती, दसरा आणि जवळजवळ दिवाळीपर्यंतचा सगळा कठीण काळ धरतील. त्यानंतर आपल्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्यात, रुग्णांची नावे वगळून. किती टिकले ते लिहावेच, पण किती परतले, कधी परतले आणि पुन्हा आपल्या दारात आले की नाही, हेही लिहावे. त्या नोंदी आम्ही जशाच्या तशा छापू.