पाचशे शब्द पाठ, तरी वाक्य अडतं

डोंबिवली पूर्वेला स्टेशनचा जिना उतरलं की भिंतीवर, दिव्याच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर एक जाहिरात हमखास दिसते. इतक्या दिवसांत फाडफाड इंग्रजी! आता तर त्याच्याही पुढची पायरी निघाली आहे. नुसतं बोलायला शिकवणारे वर्ग आहेतच, शिवाय 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी'चे वेगळे. तिथे पाचशे किंवा हजार कठीण शब्दांची पुस्तिका हातात ठेवतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज वीस पाठ करायचे आणि रविवारी परीक्षा द्यायची.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. अशा पाठांतराने इंग्रजी वाढत नाही. उलट ज्याला थोडंफार येत असतं, त्याचाही धीर जातो. मी मराठी माध्यमातून बी. ए. झाले आणि कल्याणच्या मराठी शाळेत तीस वर्षं मुलांना मराठी आणि इंग्रजी शिकवलं. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी समजते.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे. आठवीपासून सेमी इंग्लिश, मग बी. कॉम., आणि पुढे एका ऑफिसात नोकरी. हुशार आणि कष्टाळू. तिने अशी एक पुस्तिका अक्षरशः धुऊन प्यायली होती. एकदा आजी आजारी पडली म्हणून रजेचा अर्ज लिहिताना तिने 'कन्सीड मी लीव्ह' असं लिहिलं. पुस्तिकेत 'कन्सीड' म्हणजे 'मान्य करणे' असा अर्थ होता, आणि रजा तर मान्यच करून घ्यायची होती! पण 'कन्सीड' म्हणजे नाइलाजाने मान्य करणं, हार पत्करणं, हे त्या एका ओळीत कुठे मावणार? तिथे हवा होता साधा 'ग्रँट'. शाळेला ग्रँट मिळाली, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे बरोबर शब्द तिच्या घरातच होता, आणि ती बाहेर शोधत होती. ऑफिसात तो अर्ज चार जणांनी वाचला आणि हसले. त्यानंतर ती मीटिंगमध्ये बोलेनाशी झाली. इंग्रजी सुधारायला गेलेली मुलगी इंग्रजीतच गप्प झाली. हे नुकसान फीच्या पैशांपेक्षा फार मोठं आहे.

मग पुढचे शब्द शिकायचेच नाहीत का? शिकायलाच हवेत. प्रश्न एवढाच की कोणते, आणि कसे.

या बाबतीत जगात बरंच काम झालं आहे आणि त्याची एक पाळंमुळं आपल्याच उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं, या विचारातून ते नेमक्या आणि मोजक्या शब्दांकडे वळले. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशीएक शब्द या दोन हजारांतलेच असतात.

त्यानंतरची पायरी २००० साली न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी मांडली. (आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेही याच साली, त्यामुळे हे साल माझ्या पक्कं लक्षात आहे.) त्यांनी विद्यापीठीय पुस्तकं आणि लेख चाळून ५७० शब्दकुटुंबं काढली. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं. अभ्यासाच्या पुस्तकांत शंभरातले सुमारे दहा शब्द या कुटुंबांतले असतात. कोणते आहेत हे शब्द? 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'जस्टिफाय', 'इव्हॅल्युएट', 'कॉन्स्टंट'. सेमी इंग्लिशच्या कुठल्याही मुलाला विचारा, गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकात हे शब्द पानोपानी भेटतात. मुलगा गणितात अडला असं आपण म्हणतो, पण अनेकदा तो 'अझ्यूम'पाशी अडलेला असतो.

म्हणजे खरे 'पुढचे' शब्द हे आहेत. ते दिसायला भारी नाहीत, म्हणून जाहिरातीत शोभत नाहीत. यादी असायला माझी हरकत नाही. पण ती कुठल्या शब्दांवर नजर ठेवायची ते सांगणारी हवी. शब्द भेटायला हवा तो पुस्तकात, वाक्यात.

आता कसे शिकायचे त्याबद्दल. शब्द कळला असं केव्हा म्हणायचं? अर्थ सांगता आला की? मला तसं वाटत नाही. शब्दाचे सोबती कळले की शब्द कळला. आपल्या मराठीतला 'कडक' घ्या. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, नोट कडक आणि कालची भाकरीही कडक. इंग्रजीत मात्र प्रत्येकाला वेगळा सोबती. चहा 'स्ट्राँग', ऊन 'हार्श', शिस्त 'स्ट्रिक्ट', नोट 'क्रिस्प' आणि भाकरी 'हार्ड'. यातला एकही शब्द अवघड नाही, पण पाचही जागच्या जागी बसले तर ऐकणाऱ्याला वाटतं, याला इंग्रजी येतं. आणि चहाला 'हार्ड' म्हटलं की पाचशे शब्दांची पुस्तिका वाया गेली!

आपण लोकलवाले तर या बाबतीत नशीबवान. स्टेशनवर तीन भाषांत घोषणा चालू असतात. गाडी उशिरा धावत असली की 'डीपली रिग्रेटेड' ऐकू येतं. मनापासूनच्या दिलगिरीला इंग्रजीत 'डीपली' लागतं, 'स्ट्राँगली' चालत नाही, हा धडा मध्य रेल्वे फुकट देते, आणि तोही दिवसातून किती वेळा ते विचारू नका. 'माइंड द गॅप' मधला 'माइंड' म्हणजे मन नव्हे, सांभाळा, लक्ष ठेवा. आणि आपला लाडका 'ब्लॉक'! डोंबिवलीत एकेकाळी चाळीतून निघून 'ब्लॉक' घेतला म्हणजे माणूस मार्गी लागला असं समजत. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक. डॉक्टर सांगतात, हृदयाच्या रक्तवाहिनीत ब्लॉक आहे. रागावलेली नात मोबाइलवर मैत्रिणीला ब्लॉक करते. गटविकास अधिकाऱ्याच्या इंग्रजी पदनामातही ब्लॉक आहेच. एका साध्या शब्दाची ही खोली ज्याने जाणली, त्याने पंचवीस भारी शब्दांइतकं काम केलं.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. मराठी माध्यमातल्या मुलाची शब्दांच्या बाबतीत एक मोठी कमाई असते, आणि ती त्याला कुणी सांगत नाही. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा हे शब्द पाहा. सगळ्यांच्या पोटात संस्कृतचा 'ईक्ष्' धातू आहे, म्हणजे पाहणे. उपसर्ग बदलला की पाहण्याची तऱ्हा बदलते. लॅटिनमध्ये नेमकं हेच 'पाहणे' या अर्थाच्या 'स्पेक'ने केलं आहे. 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत पाहणं, आपलं निरीक्षण. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे पाहणं. 'रिस्पेक्ट' म्हणजे वळून पाहणं, म्हणून आदर. 'सस्पेक्ट' म्हणजे खालून पाहणं, म्हणून संशय. आणि 'एक्स्पेक्ट' म्हणजे तर चक्क आपली अपेक्षाच! आहार, विहार, प्रहार, संहार हे ज्याने शाळेत एकत्र शिकले, त्याला 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्स्पोर्ट' एका दमात समजतात. फळ्यावर हे दोन रकाने शेजारी शेजारी मांडले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकायची.

म्हणून, मराठीमुळे इंग्रजी कच्चं राहतं असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ज्याला अपेक्षा आणि उपेक्षा यांतला फरक मराठीत कळत नाही, त्याला तो इंग्रजीत कुठून कळणार?  एक पाय घट्ट हवा, मग दुसरा उचलता येतो.

यावर कुणी म्हणेल, बाई, परीक्षांचं काय? समानार्थी, विरुद्धार्थी शब्द विचारतातच की. खरं आहे, आणि परीक्षा असेल तर तेवढ्यापुरती तयारी करावी. पण ज्या परीक्षांमुळे या शब्दयाद्यांचं पेव फुटलं, त्यांनीच आपला रस्ता बदलला आहे. अमेरिकेतल्या आमच्या भाचे मंडळींनी जीआरईसाठी भिंतीवर शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या परीक्षेतून सुटे विरुद्धार्थी शब्द २०११ सालीच गेले. आता वाक्य देतात आणि त्यात बसणारा शब्द विचारतात. २०१६ पासून सॅटमध्येही दुर्मीळ शब्दांऐवजी उताऱ्यातला अर्थ ओळखण्यावर भर आला. परीक्षा घेणाऱ्यांना कळलं, क्लासवाल्यांना कधी कळणार?

तर मग करायचं काय? मी माझ्या मुलांना सांगायचे तेच सांगते. एक दोनशे पानी वही करा. रोज फक्त दोन शब्द, तेही स्वतःच्या वाचनात भेटलेले. शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. खाली त्याचे दोन सोबती लिहा. मग स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या माणसांचं एक वाक्य बनवा. इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश वापरा, म्हणजे मराठी अर्थापर्यंत पोचायच्या आधी इंग्रजी खुलाशावरून नजर जाते. हल्ली मोबाइलवर क्षणात अर्थ मिळतो. अवश्य बघा, पण वहीत हाताने लिहा.

आणि उजळणी! दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी ते टिकवते. आपल्याकडे पाढे म्हणून घेणाऱ्या आजोबांना हे प्रयोगाविना ठाऊक होतं. रोज दोन शब्द म्हणजे वर्षाला ७३०. मघाची ५७० ची यादी वर्षाच्या आत संपते, कुणालाही फी न देता.

त्यापुढचं मात्र वहीने होत नाही, वाचनानेच होतं. न्यूझीलंडच्याच पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. एवढे शब्द कुठला क्लास पाठ करून घेणार? ते गोष्टींमधून, बातम्यांमधून, पुन्हा पुन्हा भेटून ओळखीचे होतात. आणि वाचन आपल्या गावांना काही नवीन नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. मराठीत वाचनाची सवय लागलेलं मूल इंग्रजी पुस्तकाला फार दिवस घाबरत नाही, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. सुरुवात मात्र सोप्या पुस्तकापासून करावी. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने लहान मुलांचं इंग्रजी पुस्तक वाचण्यात लाज कसली? पानात दोन-तीनच शब्द अडतील असं पुस्तक निवडावं. दहा अडले तर ते पुस्तक सध्या आपलं नाही, पुढच्या वर्षी आपलं होईल.

ती मुलगी अलीकडे माझ्याकडे वही घेऊन येते. पुस्तिका माळ्यावर गेली. परवा तिने आजीवर लिहिलेलं वाक्य मला दाखवलं. त्यात एकही भारी शब्द नव्हता आणि एकही चूक नव्हती. पण मीटिंगमध्ये ती अजून बोलत नाही. ते व्हायला वेळ लागेल. गेलेला धीर परत आणणं हे शब्द शिकवण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि म्हणूनच तो जाऊ नये याची काळजी आपण मोठ्यांनी घ्यायला हवी. मुलांच्या इंग्रजीला हसू नका. चुकलेला शब्द दुरुस्त करा, पण त्यांना बोलू द्या.

असो. तुमच्याकडे 'कडक'सारखे अनेक सोबती असलेले मराठी शब्द असतील तर जरूर कळवा. 'मोडणे' आणि 'लागणे' यांवर माझी वही सध्या भरते आहे.