आळस नव्हे, आजार

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला आणि रोग्याची बुद्धी शाबूत राहते, असे नमूद केले. झाले! पुढे कितीतरी वर्षे सगळ्यांचे लक्ष थरथरणाऱ्या हाताकडे. मनाकडे कोण बघतो?

आमचे दाजी समर्थनगरात राहतात. ब्रिजचे एके काळचे पट्टीचे खेळाडू! हल्ली मित्र येऊन पत्ते पिसतात आणि हे खिडकीबाहेर पाहत बसतात. दुःख म्हणावे, तर तेही नाही. शेजारी म्हणतात, आळस. ताईला वाटते, माणूस आपल्यालाच विटला.

वाचकहो, मेंदूतले डोपामिन हालचालीला लागते, तसेच मनाच्या उभारीलाही. ते आटले की इच्छाच उठत नाही. कंपवाताच्या दहा रोग्यांपैकी सुमारे चौघांत ही उदासीनता आढळते. खिन्नतेहून ती निराळी; म्हणून डॉक्टरांना मुद्दाम सांगावी. औषधांत फेरफार करून काहींना उतार पडतो.

घरात मात्र 'फिरायला जायचं का?' असे विचारूच नये, उत्तर ठरलेले! ठरल्या वेळी चपला पुढे ठेवाव्यात आणि आपण आधी उंबरा ओलांडावा. ताईने 'अहो, चला' म्हणत दाजींना असेच निराला बाजारपर्यंत नेले. चेहऱ्यावर उत्साह नव्हता, पण चालले.