प्रेरणेची वाट पाहणारे

ह्या दिवाळीतही कित्येक घरांत पाडव्याच्या सकाळी एक संकल्प सुटेल. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे चढवून, पत्नीकडून ओवाळून घेताना घरचे यजमान गंभीर मुद्रेने जाहीर करतील की, आजपासून सिगारेट बंद! साडेतीन मुहूर्तांतला हा पाडवा अर्धा मुहूर्त; आणि त्यावर केलेला हा संकल्पही बहुधा अर्ध्याच दिवसाचा निघतो. दुपारचे जेवण जड होते, संध्याकाळी मित्रमंडळी फराळाला येतात, कोणीतरी पाकीट पुढे करतो, आणि मुलांचे फटाके पेटवण्यासाठी म्हणून खिशात ठेवलेली काडेपेटी आपल्या मूळ कामाला लागते.

ह्याबद्दल आम्हांला यजमानांना दोष द्यायचा नाही. दोष द्यायचा आहे तो त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या वाक्याला. ते म्हणतात, "काय करणार, आतून अजून तशी प्रेरणाच होत नाही. एकदा मनाने घेतले की एका झटक्यात सोडीन." हे वाक्य इतके सभ्य आणि इतके प्रांजळ वाटते की, ऐकणारा गप्प बसतो. किंबहुना त्याला वाटते, बापडा निदान खरे तरी बोलला! आमचे म्हणणे असे की, सिगारेटचे आजवर जर कोणी खरे रक्षण केले असेल तर ते ह्याच वाक्याने. आधी प्रेरणा आणि मग कृती हा क्रमच मुळी खोटा आहे.

नरकचतुर्दशीची पहाट आठवा. चार वाजता आई हाका मारीत असते. पांघरुणाच्या उबेत पडलेल्या कोणत्या मुलाला त्या वेळी स्नानाची प्रेरणा होते? कोणालाही नाही. त्याला हाताला धरून पाटावर बसवतात, तेल चोळतात, उटणे लावतात, आणि कढत पाण्याचा दुसरा तांब्या डोक्यावर पडल्यावर कुठे त्याला दिवाळी आल्यासारखी वाटू लागते. उत्साह आला तो स्नानानंतर. आई जर मुलाच्या प्रेरणेची वाट पाहत बसली असती, तर महाराष्ट्रात सूर्योदयापूर्वी न्हालेले मूल औषधालाही सापडले नसते.

तंबाखूच्या बाबतीत तर ही वाट पाहणे दुप्पट फसवे आहे, आणि त्याचे कारण शरीरात आहे. झुरका आत घेतल्यापासून सुमारे १० सेकंदांत त्यातले निकोटिन मेंदूपर्यंत पोचते. एका सिगारेटचे साधारण १० झुरके धरले, तर दिवसाला २० सिगारेटी ओढणारा माणूस हा धडा रोज २०० वेळा आणि वर्षाला ७३ हजार वेळा गिरवतो. आम्ही लहानपणी पाढे म्हटले, ते ह्याच्या शतांशानेही नसतील. तरी ते अजून विसरता येत नाहीत. शिवाय रक्तातले निकोटिन सुमारे दोन तासांत अर्ध्यावर येते. मग जीव कासावीस होतो, चित्त लागत नाही, माणूस बायकोवर खेकसतो. अशा वेळी सिगारेट पेटवली की बरे वाटते, आणि तो म्हणतो, "बघा, ह्याने डोके शांत होते!" अहो, डोके अशांत कोणी केले होते? सावकाराने आपल्याच घरातून रात्री नेलेले पैसे सकाळी व्याजाने परत द्यावेत आणि आपण त्याला दानशूर म्हणावे, तसा हा प्रकार आहे. सिगारेट सोडलेल्या लोकांची काही आठवड्यांनंतर पाहणी केली, तेव्हा त्यांची चिंता आणि उदासी पूर्वीपेक्षा वाढलेली नसून उतरलेलीच आढळली आहे.

आता पाहा, ज्या मनाकडून तुम्ही प्रेरणा मागता ते मन ह्या सावकाराचे कूळ आहे. त्याने सुटकेचा अर्ज आपण होऊन लिहावा अशी अपेक्षा कशी करता?

"पण लोकांना धोका कळला की आपोआप प्रेरणा होईल," असे म्हणणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. ह्या वर्गाने इतिहास वाचावा. १६०४-०५ च्या सुमारास असदबेग नावाचा अकबराचा वकील विजापूरहून आग्र्यास परतला, तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणि एक नक्षीदार हुक्का आणला. बादशहाने एकदोन झुरके घेतले, तोच दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. बादशहाने पुढे ती सवय लावून घेतली नाही. पण सरदारांनी तंबाखूसाठी झुंबड उडवली. म्हणजे उत्तरेच्या दरबारात तंबाखू आली त्याच दिवशी वैद्याचा इशाराही आला होता. भीतीने आणि ज्ञानाने हे काम होण्यासारखे असते, तर ते ४०० वर्षांपूर्वीच उरकले असते.

बरे, तो हकीम जुना म्हणून सोडून देऊ. १९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल ह्या दोघा संशोधकांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान ह्यांचा संबंध आकड्यांनी दाखवला. डॉल ह्यांनी तर त्या अभ्यासाच्या ओघातच स्वतःची सिगारेट टाकली. पण १९५४ च्या फेब्रुवारीत हा संबंध सरकारला मान्य आहे असे ब्रिटिश आरोग्यमंत्री इयान मॅक्लाउड ह्यांनी वार्ताहरांना सांगितले, ते एकामागून एक सिगारेटी ओढीत! कागद तोच, आकडे तेच. एकाने पाकीट फेकले, दुसऱ्याने ते वाचता वाचता नवी पेटवली. मंत्रिमहोदयांना कळत नव्हते असे कोण म्हणेल? आज आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या जबड्याची नाहीतर घशाची चित्रे असतात. ती असावीतच, नव्या पोराला ती थबकवतात. पण मुरलेला गडी काय करतो? पाकीट उलटे ठेवतो, किंवा सुट्या दोन सिगारेटी घेतो.

ह्या भीतीच्या जोडीला आमच्या घरांत एक खास घरगुती हत्यार असते, आणि ह्या दिवाळीत ते म्यान करावे अशी आमची वाचक भगिनींना हात जोडून विनंती आहे. ते म्हणजे शपथ. आमच्या माहितीतले एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची कन्या चार वर्षांची असताना पत्नीने तिच्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून शपथ घेवविली. तीन दिवस पाळली. चौथ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी एक ओढली, वेलदोडा चघळला आणि घरी आले. तेव्हापासून अकरा वर्षे ते चोरून ओढीत होते. मुलीला साधा ताप आला तरी हा माणूस रात्रभर जागा राही. आपल्या शपथभंगानेच हे झाले असे त्याला वाटे, आणि त्या धास्तीवर उपाय म्हणून पहाटे उठून तो जिन्याखाली आणखी एक ओढी! पत्नीला वाटे, आपण नवऱ्याला सोडवले. ह्यात कोणाचे काय साधले? जिच्याशी बोलून त्याला आधार मिळाला असता तीच एक व्यक्ती, आणि नेमके तिच्याशीच तो बोलू शकत नव्हता. शपथेने सिगारेट सुटली नाही. घरातला खरेपणा मात्र सुटला.

पुढे ह्या गृहस्थांची सिगारेट सुटली ती अगदी नीरस रीतीने. दाताच्या डॉक्टरांनी हटकले, निकोटिनचा च्युइंगम कसा चघळायचा ते सांगितले, जेवणानंतर ज्या खुर्चीत बसून ते ओढीत ती खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली, आणि आषाढातल्या कुठल्याशा मंगळवारी ते थांबले. प्रेरणा कधी झाली असे विचारले तर म्हणतात, "दीड महिन्याने. जिना चढताना धाप लागली नाही, तेव्हा."

पण असा च्युइंगम म्हटला की आमच्या मर्द मंडळींची नाके मुरडतात. "औषध घेऊन सोडण्यात काय पुरुषार्थ? मनोनिग्रहच पाहिजे!" हा पुरुषार्थ किती फळतो तेही पाहू. केवळ निग्रहावर विसंबून जे सोडतात, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी वर्षाने तगलेले शंभरात तीन ते पाच असतात. निकोटिनचा च्युइंगम, पट्टी, किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या ह्यांच्या आधाराने हे प्रमाण दीडपट, दुप्पट, काही औषधांनी त्याहूनही अधिक होते. कोणी नीट सल्ला देत राहिले तर आणखी वाढते. रक्तदाबाच्या रोग्याला आपण असे म्हणतो का, की गोळी कसली घेतोस, निग्रहाने दाब उतरव? पाकिटावर त्या भयंकर चित्राबरोबर १८००-११-२३५६ हा एक फुकट दूरध्वनी क्रमांकही छापलेला असतो. चित्र सगळे पाहतात. क्रमांक फिरवायला मात्र कोणाला सवड नसते, कारण तो फिरवायलाही म्हणे प्रेरणा लागते!

आणि एकदा सोडून पुन्हा सुरू झाली, म्हणजे माणूस कायमचा नादान ठरला हाही एक दुष्ट समज आहे. जे सुटतात त्यांच्यापैकी बहुतेकांचे आधीचे अनेक प्रयत्न फसलेले असतात. सायकल शिकताना पडणाऱ्या मुलाला आपण चारित्र्यहीन म्हणत नाही.

"आता ह्या वयात काय उपयोग?" हे त्या प्रेरणावाल्यांचे शेवटचे बिऱ्हाड. वर उल्लेखिलेल्या डॉल ह्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या आयुष्याची नोंद ठेवली, आणि ५० वर्षांचे फलित २००४ साली प्रसिद्ध झाले. जन्मभर ओढणारे सरासरीने सुमारे १० वर्षे आधी गेले. पण ज्यांनी साठीला सोडली त्यांनी सुमारे ३ वर्षे, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीला सोडणाऱ्यांनी ९, आणि तिशीला सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळी १० वर्षे परत मिळवली. साठीच्या आजोबांना मिळणारी तीन वर्षे म्हणजे तीन दिवाळ्या. नातवंडांना विचारा, त्या थोड्या आहेत का.

जाता जाता एका गोष्टीकडे बोट दाखवले पाहिजे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत. पण कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करणारे २६ हून अधिक निघाले. म्हणजे आमचे खरे दैवत धूर नव्हे, चुना-तंबाखू आणि मशेरी. तेव्हा विडी टाकून मळायला लागलेल्या माणसाचा सत्कार करू नये; त्याने फक्त दुकान बदलले आहे. आणि नातवाच्या सिगारेटवर तासभर बोलणाऱ्या ज्या आजीबाईंच्या तळहातावर त्याच वेळी मशेरी असते, त्यांच्याशी कसे बोलावे हे आम्ही त्यांच्या सुनांवर सोपवतो. आमची छाती नाही.

पाडव्याशी आमचे मुळीच भांडण नाही. तारीख ठरवून थांबणे चांगलेच, आणि ती सणाची असली तर अधिक लक्षात राहते. फक्त त्या दिवशी अंतःकरणात काही उजळून निघेल अशी अपेक्षा धरू नका. काहीही उजळत नाही. डोके दुखते. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढी मिनिटे हाताला आणि तोंडाला दुसरे काम हवे. पाडव्याला थांबलात तर दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत जड, म्हणजे नेमकी भाऊबीज आणि तिच्या पुढचा दिवस. त्यानंतर उतार लागतो. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत निम्मीअधिक लढाई झालेली असते. तेव्हा ह्या भाऊबीजेला ओवाळताना भाऊ तुसडेपणाने बोलला, चकली कडक आहे म्हणाला, दोनदा उठून गच्चीवर जाऊन नुसताच परत आला, तर बहिणीने मनाला लावून घेऊ नये आणि काही विचारूही नये. ओवाळून झाल्यावर त्याच्या हातावर मूठभर बडीशेप ठेवावी, चार लवंगा द्याव्यात, आणि घरातली काडेपेटी उचलून देवघरात ठेवावी.