पायरीवर थांबलेला रसिक

नाटक हे दृश्यकाव्य आहे, सबब ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा जिना चढवत नाही त्याने त्याचा सोस धरू नये, असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात. ती बहुधा नाटकावर जीव असलेली, सज्जन आणि संसारी माणसे असतात. आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा सविस्तर परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

माझी थोरली बहीण तरुणपणी बुकिंगच्या खिडकीशी प्लॅन उघडण्याआधी तासभर उभी राहणाऱ्यांपैकी होती. पक्षाघातानंतर प्रथमच तिला चाकाच्या खुर्चीतून मी एका नाट्यगृहात नेले. प्रवेशद्वाराशी आठ पायऱ्या होत्या. व्यवस्थापकांनी तत्परतेने दोन माणसे बोलावली आणि त्यांनी तिला खुर्चीसकट उचलले. चौथ्या पायरीवर एकाची पकड सुटली, खुर्ची कलली, ताईच्या डाव्या पायातली चप्पल निसटून खाली गेली आणि एका अनोळखी बाईंनी ती आणून तिच्या पायात घातली. आत गेल्यावर खुर्ची वाटेत ठेवता येत नाही असे कळले. तेव्हा तिला उचलून कडेच्या आसनावर बसवले आणि खुर्ची घडी घालून तिकीटखिडकीमागे नेऊन ठेवली. मध्यंतरात सारे उठले, ती बसून राहिली. दुपारपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला घरी आल्यावर समजले. ‘नाटक छान होतं रे,’ ती म्हणाली, ‘पण पुन्हा नको.’

‘आम्ही उचलून नेतो की’ हा पूर्वपक्षाचा पहिला आणि सर्वांत कनवाळू युक्तिवाद आहे. उचलणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्याने तिकीट काढले त्याला उपकृत होऊन आत जावे लागत असेल, तर तो प्रेक्षक म्हणून आत गेला असे म्हणता येत नाही. त्याच संध्याकाळी मागच्या बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोतून नाटकातल्या दिवाणखान्याचा सोफा रुंद दारातून सहज रंगमंचावर गेला होता. सामानाचा विचार इमारत बांधणाऱ्याने आराखडा काढतानाच केला होता. माणसाचा विचार मात्र माणूस दाराशी आल्यावर करायचा, हा क्रमच मला अमान्य आहे.

‘नाटक हे दृश्यकाव्य आहे’ हा दुसरा युक्तिवाद शास्त्राचा आधार घेतो, म्हणून त्याला शास्त्रानेच उत्तर देणे योग्य. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देवांनी ब्रह्मदेवाकडे जे क्रीडनीयक मागितले ते दृश्यही आणि श्रव्यही असावे असे मागितले, आणि ज्यांना वेदश्रवणाची मुभा नव्हती त्यांच्यासह सर्व वर्णांचा हा पाचवा वेद असावा अशी त्यांची विनंती होती. पहिल्या प्रयोगाच्या वेळी विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती स्तंभित केली, तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधण्याची आज्ञा केली, अशी कथा त्याच अध्यायात पुढे येते. म्हणजे बोलणे आणि हालणे खुंटलेल्या माणसांच्या रक्षणासाठी पहिले नाट्यगृह उभे राहिले, हे आपण विसरतो. दुसऱ्या अध्यायात तर भरताने मर्त्यांच्या प्रेक्षागृहाचे माप 64 हात लांब आणि 32 हात रुंद असे ठरवून दिले आणि त्याचे कारणही सांगितले: याहून मोठ्या वास्तूत उच्चार अस्फुट होतो आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. ज्या ग्रंथाने प्रेक्षकाच्या कानाच्या आणि डोळ्याच्या शक्तीवरून भिंतींचे अंतर ठरवले, त्याच्या नावाने मंद कानाला आणि विझलेल्या डोळ्याला मज्जाव करणे हा त्या ग्रंथावर अन्याय आहे. मागच्याला दिसावे म्हणून भरताने आसने सोपानाकृती सांगितली, हे खरे. पण ज्या न्यायाने त्याने पायरी घातली, त्याच न्यायाने आज तिच्या शेजारी उतार घातला पाहिजे.

आणि अंधाला नाटकात काय मिळते, हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा अंध रसिकाशेजारी बसून पाहावे. आपले मराठी नाटक संवादप्रधान; त्यातले बहुतेक सारे त्याला आपल्याइतकेच, कदाचित अधिक बारकाईने, कळते. तो अडतो तो नि:शब्द जागी. नटी चिठ्ठी वाचते, दाराकडे पाहते, चिठ्ठी घडी करून ताटाखाली सरकवते. सारे सभागृह श्वास रोखते आणि त्याला मात्र ती शांतता कशाची हे कळत नाही. सोबतचा कुजबुजून सांगू लागतो, तोच मागून कोणी ‘शू:’ करतो. संवादांच्या मधल्या या मोकळ्या जागांत दृश्याचे मोजके वर्णन कानात सांगण्याची पद्धत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या रंगगृहात 1981 साली सुरू झाली. प्रयोगाआधी अर्धा तास रंगमंचावर नेऊन नेपथ्य आणि वेशभूषा हाताने चाचपू देणे तर आपल्याकडे बिनखर्चात जमण्यासारखे आहे. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर आणले आणि मराठी रसिकांनी त्याचे कौतुक केले. ज्यांना आपण रंगमंचावर टाळ्या दिल्या त्यांना प्रेक्षागृहात जागा नाकारण्यास कोणता तर्क उरतो?

श्रवणयंत्र लावणाऱ्याची अडचण वेगळी आहे. ते यंत्र नटाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्याचा खोकला आणि वेफर्सच्या पिशवीची चुरचुरही वाढवते. सभागृहाभोवती तारेचे एक वेटोळे घालून त्यातून ध्वनिक्षेपकाचा विद्युत्प्रवाह सोडला, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र श्रवणयंत्रातले छोटे वेटोळे ग्रहण करते आणि नटाचा शब्द थेट कानाशी येतो. ज्याला तेवढ्यानेही भागत नाही त्याच्यासाठी संवाद पडद्यावर अक्षरांत दाखवता येतात. संहिता प्रॉम्प्टरच्या हाती असतेच. नट पदरची वाक्ये घालतो म्हणून ओळी पुढे सरकवायला नाटक जाणणारे एक माणूस बसवावे, इतकेच.

यावर तिसरा आणि सर्वांत आग्रहाने मांडला जाणारा आक्षेप येतो तो रसभंगाचा. कडेला उजळलेली अक्षरे, मध्येच उठणारे मूल, पुरता न मावळलेला दिवा यांनी इतरांच्या तंद्रीला तडा जाईल, असे म्हणतात. ज्या रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या गजरात चालू प्रवेश थांबत असे, नट भूमिकेतून बाहेर येऊन तेच पद पुन्हा गात असे आणि तरीही कोणाचा रस भंगत नसे, त्या रंगभूमीच्या वारसांना हा आक्षेप शोभत नाही. सुट्टीतल्या बालनाट्याला मुले खुर्च्यांवर उभी राहून राक्षसाला ओरडून उत्तरे देतात आणि नट त्यानेच खुलतो. ज्या मुलाला अकस्मात काळोख आणि स्पीकरचा दणका सहन होत नाही, त्याच्यासाठी आवाज थोडा उतरवलेला, दिवे मंद ठेवलेला, दार उघडे असलेला असा महिन्यातून एक प्रयोग लावल्याने कोणती कला बुडते? न्यूयॉर्कमध्ये ‘द लायन किंग’चा स्वमग्न मुलांसाठीचा असा प्रयोग 2011 मध्ये झाला. झगझगत्या प्रकाशाने ज्यांना फीट येते त्यांच्यासाठी तर दाराशी एक सूचनेचा फलक पुरतो.

राहिला ‘अशी माणसे येतातच किती’ हा हिशेबी सवाल. पूल नसलेल्या नदीकाठी उभे राहून पलीकडे कोणी जात नाही म्हणावे, तसे ते आहे. ताईचे नाव कोणत्याही हिशेबात येणार नाही, कारण ती आता येत नाही. शिवाय ही बाब आता कोणाच्या मर्जीवर राहिलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या 29 व्या कलमात सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा समान हक्क मानला आहे. खासगी मालकीची पण लोकांच्या वापराची वास्तूही त्यात सार्वजनिक इमारत ठरते. आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची पाच वर्षांची मुदत, 15 जून 2017 च्या नियमांपासून मोजता, केव्हाच उलटली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतली केवळ शिफारशीची भाषा कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक मानके करण्याचा हुकूम केंद्राला दिला. अंमलबजावणी मात्र जिथल्या तिथे आहे.

खर्चाची कैफियत मी नाकारत नाही. एकास बारा या प्रमाणाने चार फूट उंचीला 48 फूट लांबीचा उतार लागतो, आणि शहरातल्या जुन्या नाट्यगृहापुढे तेवढी जागा काढणे सोपे नाही. तेथे उद्वाहक बसवावा, बाजूचे दार वापरावे, नगरपालिकेने दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद करावी. पण प्रत्येक रांगेच्या कडेची दोन आसने काढून खुर्चीला जागा करणे, प्रसाधनगृहाचे एक दार रुंद करणे, डोअरकीपरला ‘खुर्चीला हात लावण्यापूर्वी बसलेल्याला विचारावे’ एवढे शिकवणे, यासाठी कोणत्या मंजुरीची वाट पाहायची?

वर्तमानपत्रातले नाटकांच्या जाहिरातींचे पान ताई अजूनही सर्वांत आधी उघडते. नाटकाचे नाव, नटांची नावे, नाट्यगृह, वेळ असे सारे ती चष्मा सावरून मोठ्याने वाचते, आणि पान खाली ठेवून मला विचारते, ‘पायऱ्या किती रे तिथे?’ तो आकडा त्या चौकटीत, वेळेच्या शेजारी, छापलेला असावा.