अँटवर्प : चित्रातले ताट, ताटातला प्रश्न

बेल्जियममधील अँटवर्प शहर आपल्या समाजाला परिचित आहे ते हिऱ्यांच्या व्यापारामुळे. या व्यापाराच्या निमित्ताने गुजरातेतील, विशेषतः पालनपूरची, अनेक जैन कुटुंबे तेथे स्थिरावली आणि विल्राइक उपनगरात त्यांनी संगमरवरी जिनमंदिर उभारले. मात्र हिरेबाजारापलीकडचे अँटवर्प हे चित्रकारांचे आणि खवय्यांचे नगर आहे. दोहोंचा आस्वाद एका दिवसात घेता येतो. ‘यात काय काय घातले आहे?’ हा शाकाहारी प्रवाशाचा नेहमीचा प्रश्न तेवढा सोबत असावा.

सकाळ कॅथीड्रलसाठी राखावी. 123 मीटर उंच मनोऱ्याच्या या प्रार्थनामंदिरात पीटर पॉल रूबेन्सची भव्य चित्रे आहेत. 1612 ते 1614 या काळात रंगविलेल्या ‘क्रूसावरून अवतरण’ या चित्रात येशूचा निष्प्राण देह पांढऱ्या वस्त्रावरून हलकेच खाली उतरविला जात आहे. भोवतालच्या प्रत्येक माणसाचा हात त्या देहाला सावरण्यासाठी पुढे आला आहे. धर्म कोणताही असो, या हातांतील करुणा पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते.

हे चित्र करवून घेण्यात पुढाकार होता तो नगराध्यक्ष निकोलास रॉकॉक्स यांचा. त्यांचे घर आणि शेजारचे चित्रकार फ्रान्स स्नायडर्स यांचे घर मिळून आज एक संग्रहालय झाले आहे. स्नायडर्स (1579–1657) हे प्राणी आणि फळे रंगविण्यात इतके निष्णात होते की, रूबेन्सही आपल्या काही चित्रांतील तो भाग त्यांच्याकडे सोपवीत. रसरशीत द्राक्षे पाहून मन प्रसन्न होते. पण त्यांच्या अनेक चित्रांत फळांशेजारीच मारलेली हरणे, हंस आणि ससे यांची रास असते. शिकार हा त्या काळी उमरावांचा विशेषाधिकार होता. त्यामुळे भिंतीवरचे असे चित्र म्हणजे ऐश्वर्याचे प्रदर्शनच. शाकाहारी प्रेक्षकाने येथे मान फिरवू नये. पिसांवरचा प्रकाश, मिटलेले डोळे, लोंबणारी मान हे सारे चित्रकाराने इतक्या बारकाईने टिपले आहे की, यजमानाचा अभिमान बाजूला राहतो आणि गेलेला जीव नजरेत भरतो.

दुपारी रस्त्यावरील खाद्यपदार्थ खुणावू लागतात. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगप्रसिद्ध आहेत. बटाटा कंदमूळ म्हणून अनेकांना वर्ज्यच. शिवाय परंपरेने तो गुरांच्या चरबीत तळला जातो. वॅफलच्या पिठात सामान्यतः अंडी असतात. चॉकलेटच्या दुकानात मात्र वाट सापडते. कोको आणि साखर यांचे साधे, काळे, कडवट चॉकलेट बहुधा निर्धास्तपणे चाखता येते. आत सारण भरलेल्या प्रकारांत मद्य किंवा जिलेटिन असू शकते. वेष्टनावर घटकांची यादी असते. युरोपीय नियमांनुसार त्यात अंडे, दूध यांसारखे घटक ठळक छापावे लागतात. सुटे चॉकलेट घेताना विक्रेत्याला विचारावे. ती चौकशी तेथे नित्याचीच आहे.

याच दुकानांत हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटे दिसतात. 1934 मध्ये योस हाकर या बेकरीवाल्याने ती प्रथम बनविली. त्यांत लोणी आणि बदामांबरोबर अंडेही असते. आकारामागे एक दंतकथा आहे. स्केल्ट नदीवर एक राक्षस नावाड्यांकडून जकात घेई आणि न देणाऱ्याचा हात तोडी. ब्राबो नावाच्या वीराने त्याचाच हात तोडून नदीत फेकला. नगरभवनासमोरच्या चौकात तो प्रसंग 1887 पासून कारंज्याच्या रूपात उभा आहे.

शेवटचा मुक्काम नदीकाठच्या ‘मास’ या संग्रहालयात करावा. 2011 मध्ये उघडलेल्या या वास्तूत बंदराचा इतिहास आहे आणि आफ्रिकेतील काँगोतून आणलेल्या वस्तूही आहेत. 1885 ते 1908 या काळात काँगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता होती. तेथील रबर आणि हस्तिदंत अँटवर्पच्या धक्क्यावर उतरत असे. त्या रबरासाठी काँगोत माणसांचे हात तोडले गेले. बिस्किटाची कथा याहून कितीतरी जुनी आहे आणि तिचा काँगोशी संबंध नाही. तरीही हा इतिहास कळल्यावर तो पंजा पूर्वीसारखा निरागस वाटत नाही.

‘यात काय काय घातले आहे?’ या प्रश्नाला येथे जोड मिळते : ‘हे कोणाच्या श्रमातून, कोणत्या मार्गाने आले?’ आजही चॉकलेटचा कोको प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकेतील शेतांतून येतो. अंडे नाही, चरबी नाही, एवढ्याने पदार्थ अहिंसक ठरतो का, याचे उत्तर वेष्टनावर छापलेले नसते. ते शोधण्याची सवय मुलांना लागली, तर हा प्रवास सार्थकी लागेल.

‘मास’च्या गच्चीवर विनामूल्य जाता येते. साठ मीटर उंचीवरून संथ वाहणारी स्केल्ट आणि कॅथीड्रलचा मनोरा एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. सोमवारी शहरातील अनेक संग्रहालये बंद असतात. दिवस ठरविताना तेवढे ध्यानात ठेवावे.