खेळाचा खाडा

मैत्रिणींनो, दूधवाला आला नाही की आपण काय करतो? भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारतो आणि महिनाअखेर तेवढे खाडे वजा करतो. त्यात दूधवाल्याला राग येत नाही की आपल्याला संकोच वाटत नाही. पण गेल्या वर्षी आमच्याकडे एक असा रतीब सुरू झाला, की त्याचे खाडे कुणी मांडलेच नाहीत.

मे महिन्याची सुट्टी होती. नंदुरबारचं ऊन तुम्हाला सांगायला नको, दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नाही. धाकट्याने मोबाइलवर खेळांचा एक संच शोधून काढला. पुष्कळ खेळ, मध्ये जाहिराती नाहीत, पहिले सात दिवस फुकट आणि पुढे महिन्याला 49 रुपये वर्गणी. म्हटलं, एवढ्याशा पैशात महिनाभर घरात शांतता मिळते तर काय वाईट? मीच माझा पिन घालून दिला.

गणपतीच्या सुमारास तो संच उघडेनासा झाला. नुसतं चाक फिरत राहायचं. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. चार दिवस वाट पाहून मुलाने तो मोबाइलवरून काढून टाकला. शाळा सुरू होती, त्यामुळे मला तर बरंच वाटलं. विषय संपला.

संपला कुठला! यंदा एप्रिलमध्ये वर्षाची मिरची घ्यायची म्हणून पासबुक भरून आणलं. आपल्याकडे मिरची एकदमच घ्यायची, म्हणजे रक्कम हाताशी लागते. पाहते तो काय, दर महिन्याच्या 9 तारखेला 49 रुपये गेलेले! ऑक्टोबरपासून मोजले तर सात महिने, म्हणजे 343 रुपये.

मी सरळ मुलाला हाक मारली. “चोरून खेळतोस ना अजून?” तो म्हणाला, “आई, तो खेळ केव्हाच बंद पडलाय.” मला वाटलं, वर खोटंही बोलतो! एक चापट दिली. तो रडला नाही, पण रात्री जेवायला माझ्या शेजारी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आली होती. तिला मोबाइल दाखवला. तिने दोनतीन ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाली, “काकू, खेळ काढलात, पण पैशांची परवानगी तशीच चालू आहे.”

हे मला ठाऊकच नव्हतं. खेळ मोबाइलवरून काढणं वेगळं आणि वर्गणी थांबवणं वेगळं. यूपीआयवर 2020 पासून ऑटोपे नावाची सोय आहे. आपण एकदा पिन घालून परवानगी दिली, की पुढचे लहान हप्ते पिन न विचारता आपोआप जातात. विजेच्या बिलाला ते सोयीचं आहे, नाही असं नाही. पण समोरचं दुकान बंद पडलं तरी आपण दिलेली परवानगी आपोआप रद्द होतेच असं नाही.

आता दोष कुणाला द्यायचा? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, 1 ऑक्टोबर 2021 पासून, असा हप्ता जाण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. मला सातही महिने संदेश आले होते, इंग्रजीत. लग्नाच्या साड्यांच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत मी ते न वाचता पुढे सरकवले होते. ह्यांनी तेवढंच धरलं आणि दोन दिवस ऐकवलं. ते असो.

पैसे परत मिळतील या भरवशावर मात्र राहू नका. अमेरिकेतल्या गूगलसारख्या कंपनीने स्टेडिया ही आपली खेळांची सेवा जानेवारी 2023 मध्ये बंद केली. तिथे विकत घेतलेल्या खेळांचे पैसे तिने परत केले, पण महिन्याची वर्गणी नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले, तेव्हा मुंबईच्या ड्रीम इलेव्हननेही आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. पण मुलांचे हे वर्गणीचे खेळ त्यात येत नाहीत. ते कायदेशीरच आहेत, म्हणून तर आपण गाफील राहतो.

तेव्हा आज दुपारी कामं आटोपली की एवढं करा. ज्या ॲपवरून पैसे पाठवता त्यात ऑटोपे कुठे आहे ते शोधा. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते आणि नको ती तिथल्या तिथे रद्द करता येते. खेळ प्ले स्टोअरवरून घेतला असेल तर तिथेही आपल्या नावाच्या चित्रावर बोट लावून वर्गण्यांचा रकाना पाहा. रद्द झाल्याचा संदेश पुसू नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून तक्रार सांगता येते. मी सांगितली आहे. 343 रुपये अजून आलेले नाहीत.

तळोद्याच्या एका मैत्रिणीने विचारलं आहे, की सासूबाईंच्या साध्या बटणांच्या फोनमधले रिचार्जचे पैसे आपोआप कमी होतात, ते कसं? बहुधा गाणी, भविष्य किंवा खेळ यांची सेवा चुकून सुरू झाली असेल. ‘ट्राय’ने 2013 मध्ये अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेण्याचा नियम केला आणि त्या बंद करायला 155223 हा बिनखर्चाचा क्रमांक ठरवला. सासूबाईंच्याच फोनवरून लावा, आणि लावताना त्यांना शेजारी बसवा.

आमच्या कॅलेंडरवर आता दर महिन्याच्या 8 तारखेला पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘ऑटोपे’ लिहिलेलं असतं. अक्षर धाकट्याचं आहे. चापटीबद्दल मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, “पण आई, पिन तूच घातला होतास.”